पुस्तक २०१७चं, आशिया आजचा: उपनगरातल्या शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षणात नेमकं काय मिळतं?

सप्टेंबर २०२५मध्ये नेपाळ पेटलं. सोशल मीडियावरच्या बंदीवरून तरुण रस्त्यावर आले, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. काठमांडूतल्या जळणाऱ्या इमारतींचे व्हिडिओ त्याच दिवशी मुंबईतल्या मोबाइलवर फिरत होते. दहावी-नववीच्या मुलांच्या मोबाइलवरही.

राज्य मंडळाच्या नववीच्या राज्यशास्त्रात 'भारत व अन्य देश' असं प्रकरण आहे. भारताच्या शेजारी देशांची ओळख तिथेच होते. हे पुस्तक २०१७चं. त्यानंतर म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली (२०२१), अफगाणिस्तानात तालिबान परतलं (२०२१), श्रीलंका आर्थिक संकटात कोसळली (२०२२), बांगलादेशात शेख हसीना यांना देश सोडावा लागला (२०२४). आठ वर्षांत जवळजवळ प्रत्येक शेजाऱ्याचं घर बदललं. धडा मात्र होता तिथेच आहे.

म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडच्या शाळेत समाजशास्त्राच्या तासाला एखाद्या मुलीने "सर, नेपाळमध्ये नेमकं काय झालं?" असं विचारलं, तर उत्तर पुस्तकात नाही. ते इंटरनेटवर आहे, आणि तिथे खऱ्याबरोबर खोटंही आहे. दोन्ही वेगळं करून वर्गात कसं आणायचं, हे शिक्षकाला कोण शिकवतं?

पुस्तकात आशिया कुठे आहे?

थोडा इकडे, थोडा तिकडे. सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारत आणि जग' हे प्रकरण आहे, त्यात बौद्ध धर्माचा आणि व्यापाराचा आशियाभर झालेला प्रवास येतो. मग थेट नववीत राज्यशास्त्रातून शेजारी देश भेटतात, ते सीमावाद, युद्ध, करार अशा भाषेत. दहावीच्या भूगोलात तर गंमतच आहे. २०१८ला आलेलं हे पुस्तक भारताची तुलना एका देशाशी करतं, आणि तो देश आहे ब्राझील. हवामान, लोकसंख्या, वाहतूक, पर्यटन सगळं भारत आणि ब्राझील असं शेजारी शेजारी ठेवून शिकवलं जातं.

ब्राझीलला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. उलट दोन देश समोरासमोर ठेवून शिकवायची ही पद्धत चांगलीच आहे. पण परिणाम असा की दहावी पास झालेल्या मुलाला ॲमेझॉनचं खोरं माहीत असतं आणि मेकाँग नदी कुठून वाहते हे माहीत नसतं. इंडोनेशियाची लोकसंख्या ब्राझीलपेक्षा जास्त आहे, हे तर बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं.

परीक्षेचं गणितही लक्षात घ्यायला हवं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४० गुणांचा. त्या ८० गुणांसाठी अभ्यासक्रम संपवायचा असतो. नेपाळवर एक तास खर्च करणं म्हणजे कुठला तरी दुसरा तास कमी करणं. शिक्षक आळशी असतात म्हणून आशिया मागे पडतो, असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही.

प्रशिक्षण होतं तरी कसं?

मुंबईतल्या शाळांच्या देखरेखीसाठी शिक्षण निरीक्षकांचे तीन विभाग आहेत: दक्षिण, पश्चिम आणि उत्तर. अंधेरी, बोरिवली पश्चिम विभागात येतात. घाटकोपर, मुलुंड उत्तर विभागात. महापालिकेच्या शाळांची यंत्रणा वेगळी. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आशय ठरतो तो पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातल्या 'एससीईआरटी'त, किंवा दिल्लीच्या एनसीईआरटीत.

पूर्वी प्रशिक्षण म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर एखाद्या मोठ्या शाळेच्या सभागृहात बसणं. आता त्यातलं बरंच मोबाइलवर आलं आहे. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच ५ सप्टेंबर २०१७ला, शिक्षकदिनी सुरू झाला. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतं ते हेच. याच 'दीक्षा'वर 'निष्ठा' नावाचं शिक्षक प्रशिक्षण चालतं. ते २०१९ला प्राथमिक शिक्षकांसाठी प्रत्यक्ष वर्गात सुरू झालं होतं. कोरोनात ते ऑनलाइन गेलं आणि २०२१मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी 'निष्ठा २.०' आलं.

त्याची रचना अशी: बारा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी सारखे आणि एक आपापल्या विषयाचा. सगळ्यांसाठीच्या बारांमध्ये एक आहे माहिती तंत्रज्ञान वापरून शिकवणं आणि मूल्यमापन करणं यावर. विषयाच्या अभ्यासक्रमात सामाजिक शास्त्रांचं अध्यापन आहे. शिक्षक लॉगिन करतो, व्हिडिओ बघतो, मजकूर वाचतो, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवतो आणि ठरावीक गुण मिळाले की प्रमाणपत्र येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास असं प्रशिक्षण घ्यावं, असं म्हटलं आहे.

गोची इथेच आहे. तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकाला एकच मिळतो. सादरीकरण कसं करायचं, ऑनलाइन चाचणी कशी घ्यायची, व्हिडिओ कसा जोडायचा हे त्यात आहे. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमात शिकवण्याच्या पद्धती आहेत. पण 'म्यानमार शिकवायचा आहे, कुठल्या संकेतस्थळावरून काय घ्यायचं, कशावर विश्वास ठेवायचा नाही' इतक्या नेमकेपणापर्यंत दोन्ही पोचत नाहीत. हत्यार हातात येतं, कापायचं काय ते कळत नाही.

शिवाय प्रशिक्षणाला पगाराचा पदर आहे. १२ वर्षांनी मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी मिळणारी निवड श्रेणी, दोन्हींसाठी प्रशिक्षण बंधनकारक. २०२२मध्ये राज्यात हे प्रशिक्षण 'इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड'वर ऑनलाइन झालं आणि त्यासाठी शिक्षकांकडून दोन हजार रुपये शुल्क घेतलं गेलं. वेतनश्रेणी अडकलेली असली की माणूस व्हिडिओ पूर्ण करण्यासाठी बघतो. हा दोष शिक्षकाचा म्हणायचा की रचनेचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण अशा घाईत कुणी नवा आशिया शिकून बाहेर पडेल ही अपेक्षा जरा जास्तच.

एक विरोधाभासही उपनगरातलाच. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने अमेरिकेच्या एमआयटीबरोबर 'क्लिक्स' हा मोठा प्रकल्प चालवला. सरकारी माध्यमिक शाळांमधल्या शिक्षकांना तंत्रज्ञान वापरून शिकवायला तयार करणं हा त्याचा गाभा होता. युनेस्कोचा २०१७चा किंग हमद पुरस्कार त्याला मिळाला. पण तो चालला छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणात. आणि विषय होते इंग्रजी, गणित, विज्ञान. घाटकोपरहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर तयार झालेलं काम घाटकोपरच्या इतिहास शिक्षकाच्या कामाचं नव्हतं.

मग कुणी करून दाखवलंय का?

हो, आणि तेही मुंबईपासून लांब. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२०ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली, ही बातमी सगळ्यांनी शेअर केली. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडची गोष्टही गाजली. त्या मानाने मागे राहिलं ते त्यांचं तिसरं काम.

त्याचं नाव 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'. ज्या देशांचं एकमेकांशी पटत नाही तिथल्या मुलांच्या ऑनलाइन जोड्या लावायच्या: भारत आणि पाकिस्तान, इराक आणि इराण, इस्रायल आणि पॅलेस्टाइन. सहा आठवडे मुलं एकमेकांशी बोलतात, मिळून सादरीकरण करतात, पाहुण्यांची व्याख्यानं एकत्र ऐकतात. पुरस्कार देताना वार्की फाउंडेशनने नमूद केलेला आकडा होता ८ देशांतल्या १९ हजार विद्यार्थ्यांचा.

या यादीतले बहुतेक देश आशियातले आहेत, हे सहज नजरेतून सुटतं. नववीचं पुस्तक ज्या देशांना 'संबंध' आणि 'वाद' या शीर्षकाखाली भेटवतं, तेच देश इथे एका मुलाच्या चेहऱ्याने भेटतात. यात महागडं काहीच नाही. व्हिडिओ कॉल, वेळापत्रक आणि समोरच्या देशात तितकाच उत्साही एक शिक्षक एवढंच लागतं. पण एका शिक्षकाने स्वतःच्या हिमतीवर केलेलं काम आणि शेकडो शिक्षकांना शिकवता येईल असं प्रशिक्षण यात फरक असतो. पहिल्याचं कौतुक झालं. दुसऱ्याचा अभ्यासक्रम झाला नाही.

व्हिडिओ कॉल करायचा तर काय अडतं?

सगळ्यात आधी घड्याळ. उपनगरातल्या अनेक शाळा दोन पाळ्यांत भरतात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सकाळच्या पाळीला साडेसातला कॉल लावला तर तिथे अकरा वाजलेले असतात, म्हणजे जमतं. दुपारच्या पाळीला साडेबाराला लावला तर तिथे चार वाजून गेलेले असतात आणि मुलं घरी निघालेली असतात. दुबईचं उलटं: ते दीड तास मागे, म्हणून तिथे दुपारची पाळीच सोयीची. काठमांडू फक्त पंधरा मिनिटं पुढे, ढाका अर्धा तास. पण बांगलादेशात सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. हा हिशेब मुलांकडूनच करून घेतला तर रेखावृत्त आणि प्रमाणवेळ हा भूगोलातला कंटाळवाणा भाग आपोआप होऊन जातो.

दुसरी अडचण ॲपची. भारताने २९ जून २०२०ला ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वुईचॅटही होतं. चीनमध्ये गुगलच्या सेवा चालत नाहीत. म्हणजे शांघायच्या शाळेशी बोलायचं तर तिथलं ॲप इथे नाही आणि इथलं तिथे नाही. हेच एका तासाचं उत्तम साहित्य आहे: एकाच खंडात दोन वेगळी इंटरनेट कशी आणि का?

तिसरी, मुलांची सुरक्षितता. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. परदेशातल्या वर्गाशी कॉल करताना नावं, चेहरे, रेकॉर्डिंग या सगळ्याचा विचार शाळेला आधी करावा लागतो.

नकाशा दाखवताना जपून!

आशिया शिकवताना पहिली गोष्ट उघडावी लागते ती नकाशा, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच. इंटरनेटवर मिळणाऱ्या आशियाच्या कितीतरी नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमा तुटक रेषेत किंवा वेगळ्या रंगात असतात. गुगल मॅप्स तर बघणारा कुठल्या देशातून बघतोय यावर वादग्रस्त सीमा वेगळ्या दाखवतं.

भारतात १९६१चा फौजदारी कायदा (दुरुस्ती) अधिनियम आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एखाद्या शिक्षकाने घाईत डाउनलोड केलेला नकाशा शाळेच्या फेसबुक पानावर गेला, तर त्याच्या नशिबी स्क्रीनशॉट आणि ट्रोलिंग तर नक्कीच. सर्वेक्षण विभागाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, इस्रोचं 'भुवन' आहे, त्यात शाळांसाठी वेगळा भाग आहे. इतकी साधी माहिती प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात द्यायला हवी.

आणि नववीच्या पुढच्या मुलांना तर नकाशे वेगळे का असतात हेसुद्धा सांगता येतं. कुणाचा दावा काय, प्रत्यक्ष ताबा कुणाकडे, नियंत्रण रेषा म्हणजे काय. रीलमध्ये हे सांगत नाहीत, तिथे फक्त चिडायला सांगतात.

आशिया दारातच उभा आहे

उपनगरातल्या शिक्षकाला परदेशी संकेतस्थळं शोधण्याआधी एक सोय आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभरहून जास्त लेणी आहेत. ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकं असलेला अवलोकितेश्वर आहे. भारतात हे रूप फार दुर्मीळ. नेपाळ, तिबेट, चीन, जपानमध्ये मात्र ते घराघरात ओळखीचं. जपानी लोक त्याला 'जुइचिमेन कान्नोन' म्हणतात. मुलांनी सहलीत या मूर्तीचा फोटो काढायचा आणि वर्गात येऊन जपानी संग्रहालयांच्या संकेतस्थळावर तिचे भाऊबंद शोधायचे. सहावीच्या पुस्तकातलं एक वाक्य त्यातून जिवंत होतं.

९० क्रमांकाच्या लेण्यात तर इराणहून आलेल्या लोकांनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ला. पर्यटकांनी भिंतीवर नाव लिहायची सवय किती जुनी आहे ते बघा! ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी केलेलं त्याचं वाचन 'इंडियन अँटिक्वेरी'च्या १८८०च्या खंडात आहे आणि हे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मूळ साधन, त्याचं वाचन आणि ती जागा, तिन्ही एका लोकलच्या तिकिटात.

आजचा आशियाही लांब नाही. ८ जून २०१४ला सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे डबे चीनच्या नानजिंगमधल्या कारखान्याचे. आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोला कर्ज जपानच्या 'जायका'चं. अंधेरीच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून आज सुटणाऱ्या विमानांची यादी वेबसाइटवर कुणालाही दिसते: दुबई, दोहा, बँकॉक, कोलंबो, सिंगापूर. या यादीवरून 'मुंबईचे लोक आशियात कुठे आणि कशासाठी जातात' हा तास उभा राहतो. ज्याचे वडील किंवा काका आखातात आहेत असा विद्यार्थी वर्गात असला, तर त्या दिवशी तोच तज्ज्ञ.

चीनबद्दल बोलताना फक्त १९६२वर थांबायचं नसेल तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता तिथेच ९ डिसेंबर १९४२ला गेले. त्यांचा पुतळा आजही चीनमध्ये आहे. सीमावादही शिकवायचाच आहे, पण त्याच्या शेजारी हा माणूस ठेवला की मुलांचे प्रश्न बदलतात.

बाहेरच्या देशांत शिक्षकांना काय मिळतं?

अमेरिकेत नेमकं याच कामासाठी एक जाळं आहे. 'नॅशनल कन्सोर्टियम फॉर टीचिंग अबाउट एशिया' १९९८पासून फ्रीमन फाउंडेशनच्या पैशावर चालतं. शाळेतले शिक्षक विद्यापीठातल्या अभ्यासकांबरोबर साधारण ३० तासांचा सेमिनार करतात. आता त्यातले बरेच ऑनलाइन असतात. आधी विषय, मग साधन, असा क्रम. त्यांचा आशिया मात्र प्रामुख्याने चीन, जपान, कोरियाचा. म्हणजे ते साहित्य मुंबईत जसंच्या तसं उचलून चालणार नाही. कुठल्याही देशाचा आशिया त्याच्या खिडकीतून दिसतो तेवढाच असतो.

सोलला युनेस्कोच्या सहकार्याने २०००मध्ये उभं राहिलेलं 'ॲपसेयू' हे केंद्र आहे. त्याच्या ऑनलाइन कॅम्पसवर शिक्षकांसाठी मोफत अभ्यासक्रम आहेत. सिंगापूरच्या आशिया-युरोप फाउंडेशनचं 'क्लासनेट' माध्यमिक शाळांना ऑनलाइन प्रकल्पांत जोडतं आणि भारतातल्या शाळा त्यात येऊ शकतात.

अडतं ते भाषेवर. हे सगळं मुख्यतः इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, आशियातल्या देशांवरच्या नोंदी भरगच्च आहेत, पण पहिला खंड १९७६चा. इतिहास-भूगोलासाठी आजही उत्तम. लोकसंख्या आणि सरकार बघायला घेतलं तर फसगत होते. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांचा मराठीतला, शिक्षकाला वर्गात वापरता येईल असा आशिया कुणीतरी तयार करावा लागेल. भाषांतराचं ॲप ते काम अर्धवट करतं, आणि चुकलं तर कुणाला सांगतही नाही.

आता पुढे काय?

नव्या धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५-२६मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. एप्रिल २०२५च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकाप्रमाणे नववीचा नंबर २०२७-२८ला आणि दहावीचा २०२८-२९ला आहे. नवं पुस्तक आलं की शिक्षकांचं त्या पुस्तकावरचं प्रशिक्षणही होतं. २०१८ला ब्राझीलच्या वेळीही झालं होतं. तोपर्यंत नववीचे वर्ग याच 'भारत व अन्य देश'वर चालतील, आणि वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षणही सुरू राहील. त्या ५० तासांतले किती तास आशियावर जाणार, हे ठरवणं पुण्याच्या परिषदेच्या हातात आहे. त्यासाठी नव्या पुस्तकाची वाट बघावी लागत नाही.